वयाला शोभेल असं

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीतली गोष्ट. इथे योकोहामात आपली मराठी मंडळी दरवर्षी एक रविवार हॉल भाड्याने घेऊन गणपती करतात, सकाळी पूजा, दुपारी मसालेभात-जिलबी, मग कार्यक्रम, आणि सहाच्या ठोक्याला हॉल झाडून-पुसून चाव्या परत द्यायच्या, त्यामुळे सगळंच पळत पळत. त्या वर्षी मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून मला बसवलं होतं. माझी लायकी काय, तर गांधर्वच्या तीन परीक्षा, त्याही शाळेत असताना दिलेल्या. पण परीक्षक कोणीतरी लागतोच.

सात-आठ मुलं होती. श्लोक, बालगीतं, एकाने मोबाईलवर ट्रॅक लावून हिंदी गाणं. मग एक नऊ वर्षांची मुलगी आली, शिवलेली नऊवारी, केसात प्लास्टिकचा गजरा, आणि तिने एक जुनी लावणी म्हटली. ट्रॅक नाही, पेटी नाही, ताल धरायला खाली बसलेली आई, बस. आणि काय म्हटली हो! एका ओळीच्या शेवटी ती अर्धा क्षण थांबली, श्वास घेतल्याचं कळूच दिलं नाही, आणि खालून सूर उचलून असा वर सोडला की मागे कागदी प्लेटा गोळा करत फिरणारे काका काळी पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. एक हात कमरेवर. डोळे किंचित बारीक केलेले, लावणीतल्या बाईचे असतात तसे.

मला आवडलं, आणि आवडलं म्हणून कसंतरीच झालं. समोरच्या कागदावर सूर १० पैकी १०, ताल १०, आणि 'निवड व सादरीकरण' या रकान्यात मी पेन्सिलीने ४ लिहिले. वर माईक हातात आल्यावर बोलले पण, "बाळा, आवाज छान आहे हं, पण पुढच्या वेळी वयाला शोभेल असं गाणं घे." लोक हसले. पोरगी नाही हसली. उतरताना माझ्या टेबलापाशी थांबून तिने विचारलं, "काकू, मी कुठे चुकले?"

"चुकली नाहीस गं."

"मग?"

तेवढ्यात पुढचं नाव पुकारलं. पहिला नंबर श्लोकवाल्या मुलाला गेला, त्याला सूर फारसा नव्हता पण गोड होता बिचारा.

हे मी विसरूनही गेले असते. पण आमच्या बिल्डिंगखाली एक लाँड्री आहे, तिथल्या मालकीणबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, आणि मला "पातिरु-सान" म्हणतात कारण 'ल' त्यांना झेपत नाही. गेल्या जूनमध्ये शर्ट आणायला गेले तर त्यांच्या रेडिओवर एका बाईचं जुनं गाणं लागलेलं, आणि ओबाआसान, म्हणजे या आजीबाई, हातातली इस्त्री आडवी ठेवून नुसत्या ऐकत होत्या. मी विचारलं कोण हो ही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं कोणी पुण्यात येऊन विचारावं, ही लता मंगेशकर कोण. "हिबारी-चान!" म्हणाल्या. चोवीस जून होता, तिच्या जाण्याचा दिवस. मग त्यांनी सांगितलं की लहानपणी मी हिबारी-चानसारखं गायचे म्हणून आईचा मार खाल्लाय, आमच्या आईला ते 'कोदोमो राशिकुनाई' वाटायचं.

कोदोमो राशिकुनाई. मुलासारखं नाही. पोरवयाला शोभत नाही. शर्टाची पिशवी हातात धरून मी तिथेच उभी राहिले, कारण हे वाक्य मी बोलले होते, मराठीत, माईकवर.

तर मग मी मागेच लागले त्या बाईच्या. आणि बाई कुठली, पोरगीच. मिसोरा हिबारी हे स्टेजवरचं नाव, मिसोरा म्हणजे सुंदर आकाश आणि हिबारी म्हणजे चंडोल पक्षी. खरं नाव काझुए कातो. जन्म २९ मे १९३७, योकोहामाच्या इसोगो भागातलं ताकिगाशिरा, म्हणजे माझ्या घरापासून फार लांब नाही, आणि मी इथे नऊ वर्षं राहून मला पत्ता नाही. वडील मासुकिची मासे विकायचे, आई किमिए, चार भावंडांत ही थोरली. आई-बापाला दोघांनाही गाण्याचं वेड, घरात ग्रामोफोन, आणि पोरगी रेकॉर्ड ऐकून ऐकून गाणी उचलायची. नोटेशन नाही, क्लास नाही, काही नाही.

१९४३ मध्ये वडिलांना नौदलात बोलावणं आलं. निरोपाला शेजारीपाजारी जमले आणि सहा वर्षांच्या काझुएने गाणं म्हटलं, 'कुदान नो हाहा'. हे गाणं काय आहे ते कळल्यावर मला जरा वेळ पुढे वाचवेना. १९३९ मधलं गाणं, कुदान म्हणजे तोक्योतला तो टेकाडाचा भाग जिथे यासुकुनी देवस्थान आहे, जिथे युद्धात मेलेल्या सैनिकांना पुजतात. खेड्यातली एक म्हातारी आई काठी टेकत तोक्योला येते, मेलेल्या मुलाला भेटायला. आता विचार करा. बाप उद्या युद्धावर निघालाय, आणि त्याची सहा वर्षांची लेक त्याच्यासमोर मेलेल्या शिपायाच्या आईचं गाणं म्हणतेय. जमलेले सगळे रडले. तिला काय कळत असेल त्यातलं? सूर कळत होता. माणसं कुठल्या ओळीला रडतात ते कळत होतं. आणि किमिएबाईंच्या लक्षात आलं की आपल्या पोरीच्या गळ्यात काहीतरी आहे, तेव्हापासून त्या तिला आसपासच्या कार्यक्रमांत घेऊन फिरू लागल्या.

शोभत होतं का ते गाणं तिला? कोणी विचारलंच नाही. देशभक्तीचं होतं, त्यामुळे शोभतच असणार.

२९ मे १९४५ ला तिचा आठवा वाढदिवस. त्याच दिवशी सकाळी पाचशेहून जास्त बी-२९ विमानं योकोहामावर आली आणि तासाभरात शहराचा मोठा भाग जळून गेला. मी हे दोन वेळा तपासलं, मला वाटलं कोणीतरी गोष्ट रंगवायला तारीख जुळवलीय. नाही, तीच तारीख आहे.

वडील जिवंत परत आले. युद्ध संपल्यावर, १९४५ मध्येच, आईने हौशी वादक जमवून एक बँड काढला, आओझोरा म्हणजे निळं आकाश असं त्याचं नाव, आणि आसपासच्या सभागृहात, सेंतोत म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, फळ्या टाकून स्टेज बांधलं. आठ वर्षांची मुलगी न्हाणीघरात उभी राहून गातेय, समोर उपाशी, खंगलेली, अर्धं शहर गमावून बसलेली माणसं. घुमत किती असेल! (बाथरूममध्ये गाणारे आपण सगळेच, पण तिकीट लावून ऐकवणारी ही एकटीच.)

आणि मग ते, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

१९४६ मध्ये एनएचके रेडिओने, म्हणजे इथल्या आकाशवाणीने, 'नोदो जिमान' सुरू केलं, म्हणजे गळ्याची बढाई, सामान्य माणसांनी येऊन गायचं आणि पास झालं तर घंटा. आजही रविवारी दुपारी टीव्हीवर चालतं, आमच्या लाँड्रीत तर त्या वेळी गिऱ्हाईक आलं तरी ओबाआसान आधी घंटा ऐकतात मग पावती फाडतात. त्याच वर्षी नऊ वर्षांची काझुए आईबरोबर प्राथमिक फेरीला गेली. लाल ड्रेस घातला होता. गाणं घेतलं 'रिंगो नो उता', सफरचंदाचं गाणं, युद्धानंतर अख्ख्या जपानच्या तोंडात बसलेलं. छान झालं गाणं, आईला आणि पोरीला दोघींनाही खात्री. आणि घंटा वाजलीच नाही. परीक्षक गप्प. नंतर सांगितलं ते असं, की गाते चांगलं, पण मुलासारखं नाही. शिक्षणाच्या दृष्टीने बरं नाही. आणि लाल ड्रेससुद्धा ठीक नाही.

लाल ड्रेस! माझ्या रकान्यात तो 'सादरीकरण'मध्ये बसला असता.

आता मुलासारखं म्हणजे कसं, याचं उत्तर त्या वर्षी त्याच रेडिओवर हजर होतं. कावादा मासाको नावाची बारा वर्षांची मुलगी, दोयो म्हणजे बालगीतं गाणारी, १९४६ च्या ऑगस्टमध्ये तिने संत्र्याच्या फुलांच्या टेकडीचं एक गाणं गायलं, ते आजही जपानी आज्या गुणगुणतात. मी ऐकलं. स्वच्छ, सरळ, पांढऱ्या कॉलरचा आवाज. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी येतं. पण त्या आवाजाला काहीच झालेलं नसतं. म्हणजे टेकडी आहे, समुद्र आहे, बोट आहे, आई आठवते, आणि आवाज इस्त्री केलेला तसाच. मोठ्यांना मुलांकडून हेच हवं असतं ना, की बाबा रे जे झालं ते तुला लागलं नाही असं गाऊन दाखव, म्हणजे आम्हाला झोप लागेल.

आणि काझुएच्या आवाजात सगळं लागलेलं ऐकू यायचं. ती नऊ वर्षांची होती तरी.

पुढच्या वर्षी योकोहामातच एक गाण्याची स्पर्धा झाली, परीक्षक संगीतकार कोगा मासाओ, म्हणजे मोठं प्रस्थ. ही स्पर्धा संपल्यावर पोचली आणि हट्ट धरून बसली की मला तुमच्यासमोर गायचंच आहे. शेवटी त्यांनी कंटाळून गा म्हटलं, ती साथीशिवाय गायली, आणि त्यांनी सांगितलं की तुझा नोदो जिमानचा टप्पा कधीच मागे पडलाय, तू तयार गायिका आहेस. तीच मुलगी, तोच गळा. एकाला जे जास्त झालं ते दुसऱ्याला पूर्ण वाटलं. मला या किश्शात कोगांचं कौतुक कमी वाटतं आणि तिचा हट्ट जास्त. 'मग?' विचारून ती खाली उतरली नाही. दुसरा परीक्षक शोधला.

१९४७ च्या एप्रिलमध्ये दौऱ्यावर असताना शिकोकूतल्या कोची भागात डोंगरातल्या रस्त्यावर तिची बस ट्रकला धडकली आणि दरीच्या तोंडाशी एका चेरीच्या झाडाला अडकली म्हणून वाचली. काझुए मेली असंच वाटलं होतं लोकांना. ती बरी झाल्यावर वडील म्हणाले पुरे झालं हे गाणं, आणि पोरगी म्हणाली गाणं सोडायला लावलं तर मी मरेन. तिथल्या ओतोयो गावात एक प्रचंड जुना सुगी वृक्ष आहे, जपानी देवदार म्हणतात तो, त्याच्यापाशी तिने नवस केला म्हणे की मला जपानातली एक नंबरची गायिका कर. दहाव्या वर्षाच्या आत. यावर मला काही बोलता येत नाही.

मग खरी गाडी सुटली. १९४८ मध्ये योकोहामाच्या कोकुसाई थिएटरात ती गायला लागली, कावादा हारुहिसा नावाच्या विनोदी नटाने तिला हाताशी धरलं, हिबारी हे नाव पण तेव्हाचंच. आणि ती काय गायची, तर कासागी शिझुकोची गाणी. कासागी म्हणजे त्या काळातली बुगीवुगीची, म्हणजे अमेरिकन वळणाच्या उडत्या नाचगाण्याची, राणी, तिशी पार केलेली बाई, स्टेजभर उड्या मारत, ओरडत, हात हवेत फेकत गायची. आणि ही चिमुरडी तिची हुबेहूब नक्कल करायची, खांदे, कंबर, आवाजातली खरखर, सगळंच्या सगळं. लोकांनी नाव पाडलं बेबी कासागी. हॉल फुल्ल.

कासागीचे संगीतकार हात्तोरी र्योइची यांना हे पसंत पडणं शक्यच नव्हतं. १९४९ च्या जानेवारीत तोक्योच्या निचिगेकी थिएटरात हिबारीला 'हेय हेय बुगी' गायचं होतं, कासागीचं तेव्हाचं नवंकोरं गाणं, तर नाही म्हणून निरोप आला, त्याऐवजी जुनं 'तोक्यो बुगीवुगी' गा. यात मी हात्तोरींना दोष देणार नाही, कासागीचं पोट त्या गाण्यांवर होतं आणि कोणीतरी अकरा वर्षांचं पोर येऊन तीच गाणी जास्त टाळ्या घेऊन गायला लागलं तर काय करायचं माणसाने.

पण कवी सातो हाचिरो यांचं मला कळत नाही. त्यांनी वर्तमानपत्रातल्या सदरात लिहिलं, मोठ्यांसारखं बुगी गाणाऱ्या पोरीला बघून किळस आली, हे काहीतरी बाकेमोनोच आहे. बाकेमोनो म्हणजे भूत, राक्षस, अंगात आलेलं काहीतरी. आणि हे सातो कोण माहितीय? 'रिंगो नो उता' ज्यांनी लिहिलं तेच. नोदो जिमानला जे गाणं म्हणून ती नापास झाली त्या गाण्याचे कवी! किमिएबाईंनी ते कात्रण जपून ठेवलं होतं असं वाचलंय. मी असते तर मीपण ठेवलं असतं.

इथे मला सारखा आपला सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली आठवतो. तोही पोरवयातच रेकॉर्डवरचे मोठमोठे गवई जसेच्या तसे गळ्यातून काढायचा, त्यांच्या तानांसकट, लकबींसकट, आणि लोक तोंडात बोट घालायचे. त्याला आपण कुमार गंधर्व म्हटलं. गंधर्व! तिकडे तेच करणाऱ्या पोरीला भूत. आता तो रागदारी गात होता आणि ही बुगी, हा फरक आहे, मान्य. पण मला राहून राहून वाटतं की तो मुलगा होता आणि त्याच्या गाण्यात कंबर नव्हती, हा फरक मोठा आहे. माझ्यासमोर एखाद्या नऊ वर्षांच्या मुलाने भीमसेनजींची नक्कल करत, तोंड वाकडं करून, हात झोकून अभंग म्हटला असता तर मी 'निवड व सादरीकरण'ला १० दिले असते, वर माईकवर "केवढी समज!" म्हटलं असतं. अभंगातली ती पंढरीची ओढ त्या पोराला जेवढी कळते तेवढंच त्या पोरीला लावणीतलं कळत होतं. की थोडं जास्त कळत होतं, आणि तेच मला टोचलं? माहीत नाही.

१९४९ मध्ये कोलंबिया कंपनीकडून तिची पहिली रेकॉर्ड आली, 'कप्पा बुगीवुगी', वय बारा. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'कानाशिकी कुचिबुए', दुःखी शीळ. साडेचार लाख प्रती गेल्या. ऑक्टोबरमध्ये याच नावाचा सिनेमा लागला, त्यात ती योकोहामाच्या बंदरात भटकणारी अनाथ पोर आहे, मुलाचे कपडे घालून फिरणारी, आणि तिचा युद्धावरून परतलेला भाऊ तिला शोधतोय, दोघांना जोडणारी खूण म्हणजे हे एक गाणं. त्यातलाच तो काळा टेलकोट आणि उंच टोपी घातलेला फोटो, जो तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल पण कोण ते माहीत नसेल.

आणि इथे येऊन मला परीक्षकांचं ते वाक्य पुन्हा वाचावंसं वाटलं, मुलासारखं नाही. कुठल्या मुलासारखं? १९४८ मध्ये सरकारने मोजणी केली तेव्हा देशात १ लाख २३ हजारांहून जास्त अनाथ मुलं निघाली. स्टेशनच्या भुयारांत झोपणारी, अमेरिकन सैनिकांचे बूट पुसणारी, सिगारेटची थोटकं गोळा करून विकणारी. लाँड्रीवाल्या ओबाआसान म्हणाल्या, त्यांच्या शेजारचा मुलगा दहा वर्षांचा असताना दोन लहान भावांचं घर चालवायचा आणि बोलायचा म्हाताऱ्यासारखा. मुलं अशीच होती हो तेव्हा. हिबारी त्यांच्यासारखीच दिसत होती, त्यांच्यासारखीच बोलत होती. रेडिओलाच ते मूल म्हणून ओळखू आलं नाही.

ओबाआसान अजून एक म्हणाल्या ते मी तिथेच मोबाईलमध्ये टाइप करून ठेवलं. "बाकी गाणाऱ्या पोरी परकरी बाहुल्या वाटायच्या, हिबारी-चान आमच्यातली वाटायची. मासेवाल्याची पोर. तिच्या हातालाही वास येत असणार असं वाटायचं."

गाण्याबद्दल थोडं बोलते, मला तेवढंच कळतं, तेही थोडंच. आज लोक तिला एन्काची महाराणी म्हणतात, एन्का म्हणजे ते जुन्या जपानी वळणाचं, गळ्यातून पिळून काढलेलं, दारू-बंदर-पाऊस-ताटातूट असलेलं गाणं. पण १९४९ मध्ये या अर्थाने हा शब्दच कोणी वापरत नव्हतं, तो साठचं दशक संपता संपता रूढ झाला. ती आपली लोकांना आवडेल ते गायची, बुगी, जाझ, लोकगीताच्या चालीचं, सगळं. जुनं वळण गळ्यात होतं मात्र. तिथल्या चालींत एक योनानुकी नावाचा प्रकार आहे, शब्दाचा अर्थच 'चौथा-सातवा काढलेला'. मेजर सप्तकातून चौथा आणि सातवा काढा, काय उरतं? सा रे ग प ध. भूप! मला हे कळलं तेव्हा मी घरात ओरडले. मायनरमध्ये हेच केलं की ग आणि ध कोमल होतात, म्हणजे शिवरंजनीचा धैवत कोमल केल्यासारखं काहीतरी, आणि एन्कातली रडकी गाणी बरीचशी तिथली. त्यावर कोबुशी, म्हणजे सूर सरळ न ठेवता त्याला दिलेली गाठ, आपल्या मुरकीची चुलत बहीण. कोबुशी या शब्दाचा उच्चार मुठीच्या शब्दासारखाच आहे आणि ऐकताना मला तसंच वाटतं, गळ्यात मूठ वळून सोडल्यासारखं. आणि वर जाताना ती आवाज फोडत नाही, अलगद खोट्या आवाजात सरकते, सांधा दिसत नाही. हे बाराव्या वर्षी. ऐकून ऐकून.

तिच्या लहानपणच्या गाण्यांतलं मला सगळ्यात चटका लावणारं कुठलं असेल तर 'एचिगो जिशी नो उता', १९५० च्या शेवटचं, वय तेरा. एचिगो म्हणजे आजचा निईगाता प्रांत, बर्फाचा, गरिबीचा. तिथली लहान मुलं डोक्यावर सिंहाचं छोटं तोंड बांधून गावोगाव कसरती करत फिरायची, उलट्या उड्या, हातांवर उभं राहणं, आणि सोबत ढोलकं वाजवणारा, पोरांना धाकात ठेवणारा मालक, ओयाकाता. आपण याला दुसरं काय म्हणतो? डोंबारी. अगदी डोंबाऱ्याचा खेळ. १९३३ मध्ये मुलांच्या छळाविरुद्ध कायदा आला आणि हा खेळ रस्त्यावरून गेला. तर त्या गाण्यातलं पोर म्हणतं की हातांवर उलटं उभं राहिलं की मला माझ्या गावचे डोंगर दिसतात, आणि पुढे म्हणतं की खेळ जमला नाही म्हणून आजही मालक ओरडला.

हे कोण गातंय? एक तेरा वर्षांची पोर, जी सहाव्या वर्षापासून लोकांसमोर उभी आहे. ज्या मोठ्या माणसांनी हे गाणं लिहून, चाल लावून तिच्या हातात दिलं त्यांना हे दिसत नव्हतं का? दिसतच असणार. दिसलं म्हणूनच दिलं असणार. आणि ती गाते पण कशी, अजिबात रडत नाही. सरळ सांगते. मालकाच्या ओळीला तर जवळजवळ हसते.

इथे माझी गाडी थोडी अडखळते. कारण मला हा लेख असा नको होता की बघा, परीक्षक मूर्ख आणि पोरगी महान. तशी ती झालीच महान, त्यात वाद नाही, १९५२ मध्ये 'रिंगो ओइवाके' हे गाणं सात लाखांच्या घरात खपलं, कर्ज काढून प्लेयर घेतले असतील लोकांनी, त्याच साली काबुकीझाच्या, म्हणजे काबुकी नाटकांच्या मानाच्या थिएटरच्या, स्टेजवर ती उभी राहिली, पंधरावंसुद्धा पूर्ण नव्हतं. पण आईने तिला बोट धरून स्टेजवर चढवलं ते बोट आईने मरेपर्यंत सोडलं नाही. थिएटरांच्या मागे गुंडांच्या टोळ्या होत्या, यामागुची-गुमीचा प्रमुख ताओका काझुओ तिच्या आयुष्यात आला तेव्हा ती अकराच्या आत-बाहेर होती, आणि पुढे त्या ओळखीची किंमत तिने मोजली. १९५७ च्या जानेवारीत आसाकुसात स्टेजच्या कडेला तिच्याच वयाच्या, एकोणीस वर्षांच्या, एका चाहतीने तिच्या तोंडावर अ‍ॅसिड फेकलं. बावन्नाव्या वर्षी गेली, १९८९ मध्ये, आणि गेल्यावर पंधरवड्यात सरकारने राष्ट्रीय सन्मान दिला, बाईमाणसाला पहिल्यांदाच.

म्हणजे ज्यांना वाटलं की हे पोराच्या दृष्टीने बरं नाही, ते अगदीच चूक होते असं मला म्हणता येत नाही. फक्त त्यांनी ते सुनावलं नऊ वर्षांच्या मुलीला, तिच्या ड्रेसकडे बोट दाखवून. तिकीट काढून आलेल्या मोठ्यांना नाही, थिएटरच्या मालकांना नाही. माझंही तेच झालं की. तिला ती लावणी कोणी शिकवली, कमरेवर हात कोणी ठेवायला लावला, की तिने आपणच कुठल्या व्हिडिओत बघून उचललं, मी विचारलं होतं का? नाही. तिच्या आईशी बोलले का? नाही. माईक हातात होता, लोक हसणार हे माहीत होतं.

लहानपणी सांगलीला आत्याच्या लग्नात मी ओटीवर बसून असंच काहीतरी म्हणत होते तर मोठी काकू म्हणाली होती, "शोभतं का?" मी गप्प बसले. त्यानंतर मी गायले ते गांधर्वच्या परीक्षेत बसेल तेवढंच.

मागच्या महिन्यात इथल्याच नोगे भागात गेले होते. साकुरागिचोच्या स्टेशनवरून चालत, छोट्या खानावळींच्या गल्ल्या आहेत, संध्याकाळी कबाबासारखा याकितोरीचा धूर. कोकुसाई थिएटर याच भागात होतं. तिथे तिचा पुतळा आहे, टेलकोट, उंच टोपी, दोन्ही हात पसरलेले. लहान आहे चणीने, आपल्याला वाटतं त्यापेक्षा लहान, टोपी काढली तर माझ्या छातीएवढी येईल. कोणीतरी पायाशी चहाची बाटली ठेवली होती, बंद, न उघडलेली.

तिथूनच मी त्या मुलीच्या आईला मेसेज केला, त्या दिवसाचा व्हिडिओ आहे का हो. लगेच आला. काय, कशाला, काही विचारलं नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून कानात इअरफोन घालून ऐकला, फोन उलटा धरून, म्हणजे नऊवारी दिसणार नाही, कंबर दिसणार नाही. दुसऱ्या अंतऱ्याला जिथे ती थांबते तिथे खरंच श्वास ऐकू येत नाही. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. मग टाळ्या आहेत, खूप, आईने फोन बंद केलेला नाही, तो मांडीवर पडलाय बहुतेक, कापडाचा आवाज येतो. आणि मग माझा आवाज येतो. गोड आहे अगदी, लहान मुलांशी बोलताना काढतो तसा. "बाळा," म्हणते मी, आणि पुढचं.

आईला मी लिहिलंय की यंदा मी परीक्षक नाहीये, आणि तुमची हरकत नसेल तर मला तिच्याशी बोलायचंय. दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर अजून नाही.